एका खडखडीचं दफ्तर

भाच्याने कळवणमध्ये जुनी डिझेल गाडी घेतली, तेव्हा तिच्याबरोबर प्लास्टिकची एक फाइल आली. आरसी कार्ड, सर्व्हिस बुक, जुन्या विम्याचे कागद, काही पीयूसी, गॅरेजची बिलं आणि व्हील अलाइनमेंटची एक स्लिप. गाडी थंडीत पहाटे सुरू केली की इंजिनातून चार-पाच सेकंद खडखड यायची आणि मग आवाज गायब. विकणारा म्हणाला, "डिझेल आहे, आवाज करणारच." एका मिस्त्रीने इंजेक्टर सांगितले, दुसऱ्याने टॅपेट. इंजिन उघडायच्या आधी मी फाइल वाचायला घेतली. आठवणीने सांगितलेल्या हकिकतीपेक्षा त्या त्या वेळी लिहिलेला कागद केव्हाही वजनदार.

सुरुवात आरसीपासून. कार्डावरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवर ठोकलेला नंबर एकच निघाला. म्हणजे मधल्या काळात दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलेलं नव्हतं आणि फाइलमधला इतिहास याच इंजिनाचा होता. क्षमता १२४८ सीसी. एवढ्या आकड्यावरूनही पुष्कळ कळतं. हे फियाटचं डिझाइन. २००३ मध्ये पोलंडमधल्या बिएल्स्को-बियावा इथे त्याचं उत्पादन सुरू झालं. पुढे आपल्याकडे ते मानेसरला आणि पुण्याजवळ रांजणगावला तयार होऊ लागलं आणि एकाहून अधिक कंपन्यांच्या गाड्यांत बसलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि आपल्याकडच्या गाड्यांतून ते गेलं. त्याच्या दोन गोष्टी इथे महत्त्वाच्या. टायमिंगला रबरी पट्टा नसून चेन आहे, आणि ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दुसरं, टॅपेट हायड्रॉलिक आहेत, त्यांची फट ऑइलच भरून काढतं.

आता बिलं. सर्वांत जुनं बिल नोव्हेंबर २०१६ चं, कार्बन कॉपी. त्यावर 'टॅपेट सेटिंग' लिहून पैसे लावले आहेत. या इंजिनात टॅपेट सेट करायला काही नसतंच, तेव्हा ते काम झालं याचा हा पुरावा होऊ शकत नाही. पण कागद टाकाऊ नाही. टॅपेटची तक्रार आवाजाशिवाय कोणी करत नाही. नोंद चुकीची असली तरी आवाज तेव्हापासून होता, एवढं ती सांगते.

दुसरं बिल थर्मल कागदावरचं, जवळजवळ कोरं पडलेलं. मोबाइलवर फोटो काढून काँट्रास्ट वाढवला, तेव्हा ओळी उमटल्या. ऑइल २०डब्ल्यू-४०, रीडिंग ९६ हजारांच्या पुढे. सर्व्हिस बुकातले शिक्के ४० हजारांवरच थांबलेले. मधल्या काळात ऑइल बदललंच नाही असं म्हणता येणार नाही, कागद हरवतात. मात्र हे धरून जी दोन ऑइल बिलं हाती आहेत, त्यांच्यातलं अंतर २४ हजार किलोमीटरचं आहे आणि दोन्हींवर तेच जाड ऑइल आहे. ट्रॅक्टरला चालतं म्हणून ते गाडीत ओतलं असावं. थंडीत असं ऑइल टेन्शनरपर्यंत उशिरा पोचतं.

खरी उलथापालथ केली ती अलाइनमेंटच्या स्लिपने. जून २०१८, रीडिंग १,०८,३४०. भाच्याने गाडी घेतली २०२१ मध्ये आणि तेव्हा मीटरवर होते ७९ हजार! स्लिपवरचा आकडा माणूसच टाइप करतो, त्यामुळे एकट्या तिच्यावर मी विसंबलो नसतो. पण थर्मल बिलाचे ९६ हजार तिच्या बाजूने उभे राहिले. दोन वेगळी दुकानं, दोन वेगळ्या तारखा, चढता आकडा. मीटर मागे फिरवलेलं होतं. ते कोणी फिरवलं, हे कागद सांगत नाहीत, तेव्हा कोणावर बोट ठेवणं अन्याय होईल.

इंजेक्टरवाल्या मिस्त्रीचं म्हणणं मात्र मोडीत काढण्यासारखं नव्हतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या तप्त हवेत इंधन सोडलं की ते क्षणभर थांबून पेटतं, आणि त्या क्षणात साठलेलं इंधन एकदम जळलं की दाब उसळून ठोका बसतो. इंजिन थंड असलं की हा क्षण लांबतो. म्हणून कॉमन रेलमध्ये मुख्य फवाऱ्याआधी थेंबभर इंधन सोडतात. नाशिककरांना हे नवं नाही, सातपूरच्या बॉशच्या कारखान्यात इंजेक्टर आणि नोझलच बनतात. पण असा ठोका इंजिन तापत जातं तसा हळूहळू मरतो, चार सेकंदांत नाही. शिवाय चढावर, भार पडल्यावर तो ऐकू यायला हवा. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणाऱ्या दहा किलोमीटरच्या घाटात गाडी शांत चढली. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट केली, चारही बाटल्यांत डिझेल सारखं. क्लच दाबून आवाज बदलला नाही. अल्टरनेटरचा बेल्ट काढून काही सेकंद इंजिन चालवलं, तरी खडखड तशीच. मग मिस्त्रीने लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक पुलीच्या बाजूच्या कव्हरला लावलं आणि म्हणाला, "दादा, इथेच आहे. चेन."

कव्हर उघडलं. गाइडच्या प्लास्टिकवर चेनने खोल खाच पाडली होती. जुनी आणि नवी चेन शेजारी खिळ्याला टांगल्या. कड्या तेवढ्याच, पण जुनी खाली लोंबत होती. चेन, गाइड आणि टेन्शनर तिन्ही बदलले, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल भरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे इंजिन पहिल्या सेकंदापासून स्वच्छ चाललं.

निर्वाळा असा: चेन झिजली ती उशिरा बदललेल्या, जाड ऑइलमुळे आणि मीटर दाखवत होतं त्याहून बऱ्याच जास्त धावेमुळे. यात कोणाचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही. चेन तुटली असती तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन कामातून गेलं असतं.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी किमतीची बोलणी करण्याआधी फाइल मागावी आणि प्रत्येक कागदावरची तारीख आणि किलोमीटर एका वहीत ओळीने उतरवून पाहावेत. विकणाऱ्यांनीही बिलं फेकू नयेत. आणि गॅरेजवाल्यांना हात जोडून सांगणं आहे, बिलावर रीडिंग लिहा, शाईने लिहा.