सुपरमॅनची ३३ सेकंदं आणि आपल्या जिल्ह्यातली एक दाबलेली बातमी

पुतण्या अमरावतीला शिकतो. जुलै २०२५ मध्ये नवा 'सुपरमॅन' लागला, तेव्हा मित्रांसोबत पाहून आष्टीला आला तो तणतणतच. "काकाजी, आपल्याले लहान पोट्टे समजते का हे? ३३ सेकंदं कापले!"

सेन्सॉर बोर्डानं सुपरमॅन आणि लोइस लेनच्या चुंबनाची ३३ सेकंदं कापायला लावली होती. चाहते भडकले. तिकिटाचे पैसे पूर्ण घेता, मग पिच्चर अर्धवट का? प्रश्न रास्तच. त्याआधीचं भांडण वेगळं होतं: हेन्री कॅव्हिलला काढून डेव्हिड कोरेनस्वेट कशाला आणला? दिग्दर्शक जेम्स गननं ही स्थलांतरिताची गोष्ट आहे म्हटल्यावर अमेरिकेतही एक गट खवळला.

मी पुतण्याला विचारलं, "सुपरमॅन नोकरी कुठं करते?" "पेपरमधी." "पेपरमधीच काऊन?" तो गप्प.

म्हणून जरा इतिहास. १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांचा सुपरमॅन पहिल्यांदा छापून आला. दोघंही स्थलांतरित ज्यू घरांतले. शुस्टर लहानपणी टोरांटोत पेपर विकायचा, 'टोरांटो डेली स्टार'. त्यावरूनच सुपरमॅनच्या पेपरचं नाव आधी 'डेली स्टार' होतं, १९४० मध्ये 'डेली प्लॅनेट' झालं. पेपरात नोकरी का, तर कुठं काय अघटित घडलं हे बातमीदाराला लवकर कळतं. उडणं नंतरचं, कळणं आधीचं.

आमच्या पिढीचा शक्तिमान आठवा. १३ सप्टेंबर १९९७ ला दूरदर्शनवर सुरू झाला. मी तेव्हा मिसरूड फुटलेला, तरी लहान भावंडांचं निमित्त करून शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर बसायचो. ऐन वेळी लाईन गेली की गल्लीभर वीजवाल्यांचा उद्धार व्हायचा. तो शक्तिमान तरी एरवी कोण होता? गंगाधर, 'आज की आवाज' या पेपरचा फोटोग्राफर! आणि गीता विश्वास तिथलीच बातमीदार. २०२४ मध्ये नव्या शक्तिमानसाठी रणवीर सिंगचं नाव चाललं, तर मुकेश खन्नांनी उघड विरोध केला आणि आमच्या वयाचे लोक दोन्ही बाजूंनी भांडले. चेहरा कोणाचा, यावर सगळं भांडण. गंगाधरच्या पेपरचं काय होणार, हे कोणीच विचारलं नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. १६ ऑगस्ट १९४२ ला आष्टीच्या पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला. गोळीबार झाला, आंदोलक गेले, पोलीसही गेले. म्हणून आपण 'शहीद आष्टी' म्हणतो. त्याच दिवशी चिमूरही पेटलं आणि नंतर तिथल्या बायांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातले प्रा. जयकृष्ण भन्साळी नोव्हेंबरमध्ये उपोषणाला बसले. सरकारनं काय केलं? उपोषणाची बातमीच छापायला बंदी घातली. म्हणजे कात्री तेव्हाही होती, फक्त ती ३३ सेकंदांची नव्हती. आपल्याच जिल्ह्यात एक माणूस अन्नावाचून पडला होता आणि ते देशाला कळू द्यायचं नव्हतं.

मग ६ जानेवारी १९४३ ला देशभरातल्या वृत्तपत्रांनी निषेध म्हणून एक दिवस अंकच काढला नाही. बातमी छापू देत नाही ना, मग घ्या, पेपरच नाही. १२ जानेवारीला तडजोड झाली आणि ६३ दिवसांचं उपोषण सुटलं. यात कोणी उडालं नाही, कोणाच्या अंगावर लाल कपडा नव्हता.

एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका वस्तीतल्या गढूळ पाण्याची बातमी मी पाठवली होती. ज्या दैनिकाचं काम करत होतो, तिथं ती लागली नाही. 'जाहिरातीचं पाहावं लागते' एवढंच उत्तर मिळालं. मी भांडलो नाही, घर चालवायचं होतं. पण खरं झोंबलं ते वेगळंच. त्या वस्तीतल्या एकानंही मला विचारलं नाही की भाऊ, बातमी आली काऊन नाही? येणारच नाही, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

पुतण्याला म्हटलं, ३३ सेकंदांसाठी भांड, जरूर भांड. ज्याला कापलेलं कळते आणि राग येते, तो पोरगा कामाचा आहे. फक्त हा राग थिएटरच्या बाहेरही घेऊन ये. गावच्या पेपरात काय आलं नाही, तेही विचारत जा.

तो म्हणाला, "काकाजी, ते पाण्याची बातमी आता लिहा ना."

पुढच्या पोस्टमध्ये लिहितो.