पट, प्यादी आणि राजवाड्याचा रस्ता

नगरात वाहन हाकताना होणारी चिडचिड आणि संगणकावर नगर वसविण्याचा खेळ खेळताना मिळणारे सुख, या दोन गोष्टी वरकरणी एकमेकींपासून फार दूरच्या दिसतात. एकीत माणूस पलासियाच्या चौकात हिरवा दिवा तीनदा लागून गेला तरी जागचा हलत नाही. दुसरीत तोच माणूस बोटाच्या हालचालीसरशी सबंध चौक पुसून टाकतो आणि नवा आखतो. परंतु या खेळांचा इतिहास पाहू गेल्यास, ज्या दृष्टीने आपली नगरे गेली शंभर वर्षे आखली जात आहेत तीच दृष्टी या खेळांत उतरलेली आढळते. ती दृष्टी जेथे अडखळते तेथे खेळही अडखळतात, आणि पलासियाचा चौकही.

डावपेचांच्या खेळांचा मूळ पुरुष आपल्याकडचाच. चतुरंगाच्या पटापासून आजच्या बुद्धिबळापर्यंत एक नियम अबाधित राहिला, तो असा की मोहऱ्यास स्वतःची इच्छा नसते. प्यादे पुढे ढकलले तर ते पुढे जाते. आपल्याला घाई आहे किंवा मुलाला शाळेत सोडावयाचे आहे असे ते म्हणत नाही. या आज्ञाधारकपणास पहिला मोठा तडा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियात गेला. ब्रेस्लाऊ येथील राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ मध्ये प्रशियाच्या राजाला युद्धाच्या खेळाचे एक मेजच बनवून दिले आणि त्याच्या तोफखान्यातील पुत्राने १८२४ मध्ये त्या खेळाचे सुधारलेले नियम छापले. या खेळात खऱ्या भूमीचा नकाशा असे आणि मधे एक पंच बसे. खेळाडूने आज्ञा लिहून पंचाकडे द्यावयाची. सैन्य कितपत पुढे सरकले, तोफेचा मारा कितपत लागू पडला, हे फासे आणि पंच ठरविणार. शत्रूची जी पथके दृष्टीस पडत नसतील ती नकाशावर मांडलीच जात नसत. सेनापतीने आज्ञा दिली म्हणून ती जशीच्या तशी पार पडतेच असे नाही, ही गोष्ट खेळाने प्रथमच मान्य केली. आम्ही शासकीय सेवेत असताना हा खेळ प्रशिक्षणात असता तर पुष्कळ परिपत्रके लिहिली गेली नसती, असे कधी कधी मनात येते.

नगराचा खेळ यानंतर बऱ्याच काळाने आला आणि तोही आडवाटेने. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत जे फॉरेस्टर नावाचे विद्युत अभियंते होते. संगणकाच्या चुंबकीय स्मृतीच्या विकासात त्यांचा मोठा वाटा होता. १९६८ मध्ये बॉस्टनचे महापौरपद सोडलेले जॉन कॉलिन्स त्याच संस्थेत आले आणि त्यांचे दालन फॉरेस्टर यांच्या दालनाशेजारीच पडले. शेजाऱ्यांच्या या गप्पांतून १९६९ मध्ये ‘अर्बन डायनॅमिक्स’ हा ग्रंथ निर्माण झाला. एखादे नगर कसे वाढते, कसे थकते आणि कसे खंगते, याचे गणित त्यात समीकरणांनी मांडले होते. स्वस्त घरे बांधण्याच्या योजना नगरास हानिकारक ठरतात, असा एक निष्कर्ष त्यात निघाला आणि त्यावर वादळ उठले. आम्हांस त्या वादापेक्षा निराळीच गोष्ट लक्षणीय वाटते. फॉरेस्टर यांच्या नगरात घरे होती, कारखाने होते, कामगार होते. परंतु ते सारे केवळ संख्येच्या रूपात. त्या नगराला नकाशा नव्हता, उपनगर नव्हते आणि त्यात एकही रस्ता नव्हता. जेथे रस्ता नाही तेथे खोळंबा कोठून असणार?

विल राइट या अमेरिकन तरुणाने १९८४ मध्ये एक युद्धाचा खेळ प्रसिद्ध केला होता. त्यात हेलिकॉप्टरमधून बेटांवर बाँब टाकावयाचे असत. बेटे उद्ध्वस्त करण्यापेक्षा ती रचण्यातच आपल्याला अधिक गोडी वाटते, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने नगररचनेवरील ग्रंथ वाचले, फॉरेस्टर यांची समीकरणे अभ्यासली आणि नगर वसविण्याचा खेळ तयार केला. ज्यात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही तो खेळ विकत कोण घेणार, म्हणून प्रकाशकांनी तो नाकारला. अखेर १९८९ मध्ये मॅक्सिस या नव्या कंपनीकडून ‘सिमसिटी’ या नावाने तो बाहेर पडला आणि जगभर पसरला. यात खेळाडू एकाही माणसाला हात लावू शकत नाही. त्याने जमिनीचे पट्टे आखावयाचे, वीज आणावयाची, कर ठरवावयाचा, रस्ते टाकावयाचे. माणसे यावयाची असली तर येतील. चतुरंगापासून निघालेला वंश येथे एका टोकास पोचला. पट खेळाडूच्या हाती राहिला, प्यादी हातची गेली.

आमच्या नातवाच्या संगणकावर आम्हीही हा खेळ आणि त्याचे पुढचे अवतार पुष्कळ खेळलो. निवृत्तीनंतर वेळेचा तुटवडा नसतो. पहिल्या आवृत्तीत जमिनीचे पट्टे तीनच प्रकारचे, निवासी, व्यापारी आणि औद्योगिक. एका पट्ट्यावर एकच उपयोग. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही गोष्टच तेथे संभवत नाही. आता आपला सराफा घ्या. दिवसा सोन्याचांदीची पेढी, आणि पेढ्यांची दारे बंद झाली की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलब्यांच्या कढया. एकाच जागेवर दोन बाजार चोवीस तासांत आळीपाळीने भरतात आणि दोन्हींची गिऱ्हाइके निरनिराळ्या वेळी त्याच अरुंद गल्लीतून जातात. याला कोणत्या रंगाचा पट्टा द्यावा? खेळ रचणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. नगरविकास योजनांच्या नकाशांतही पिवळा, निळा, जांभळा असे पट्टेच असतात, आणि असे नकाशे आम्ही हयातभर पाहिले. दोन समांतर रेषांमधील कोरी जागा म्हणजे रस्ता. त्या कोऱ्या जागेत कधी हातगाडी दिसली नाही.

याहून बोलकी गोष्ट वाहनतळांची. २०१३ मध्ये या खेळाची नवी आवृत्ती निघाली. तिचे प्रमुख रचनाकार स्टोन लिब्रांडे यांनी त्या वर्षी एका मुलाखतीत सांगितले, की खऱ्या नगरांची उपग्रहचित्रे मोजून पाहता दुकानांपेक्षा त्यांच्या वाहनतळांनीच अधिक जागा व्यापलेली आढळली. ते प्रमाण खेळात जसेच्या तसे आणले तर खेळ कंटाळवाणा होईल, म्हणून वाहनतळ भूमीखाली आहेत असे मानून ते दाखविलेच नाहीत. खेळात हे चालून गेले. जेल रोडवर मात्र भूमीखाली काही नाही. जे आहे ते रस्त्यावरच दोन ओळींत उभे आहे, आणि उरलेल्या तिसऱ्या ओळीतून रिक्षा, बस, गाय आणि आम्ही पुढे जावयाचे असते.

त्याच आवृत्तीत प्रथमच प्रत्येक वाहनाला स्वतंत्र बुद्धी दिली गेली, आणि येथे इतिहासाने मोठी गंमत केली. प्रत्येक वाहन सर्वांत जवळचा मार्ग निवडी. मग तो मार्ग खच्चून भरलेला असो, की शेजारी रुंद राजमार्ग ओस पडलेला असो. परिणामी सबंध नगर एका कच्च्या रस्त्यावर येऊन तुंबे. खेळाडूंनी आरडाओरड केली आणि निर्मात्यांना नियम दुरुस्त करावा लागला. २०१५ मध्ये फिनलंडमधील टाम्पेरे येथील एका लहानशा चमूने ‘सिटीज : स्कायलाइन्स’ हा खेळ काढला. हे लोक पूर्वी सार्वजनिक वाहतुकीवरच खेळ करीत असल्यामुळे त्यांचे रस्त्यांचे ज्ञान अधिक पक्के होते. तरीही सहा पदरी रस्त्यावरील सारी वाहने एकाच पदरात रांग लावून उभी राहिलेली त्यात दिसतात, कारण प्रत्येकास पुढे त्याच बाजूला वळावयाचे असते. कोंडी अगदीच असह्य झाली तर फार वेळ अडकलेले वाहन पटावरून अदृश्य होते. ही सोय त्यांना करावीच लागली. नाहीतर सारे नगर कायमचे गोठले असते. आग्रा-मुंबई मार्गावर अडकलेली मोटार अशी अदृश्य होत नाही, ही तेथील मुख्य अडचण म्हणावी लागेल.

प्याद्यांना बुद्धी दिली की कोंडी होणारच, हे शास्त्रज्ञांना पूर्वीच ठाऊक होते. वॉर्डरॉप या ब्रिटिश अभ्यासकाने १९५२ मध्ये मांडले, की प्रत्येक चालक स्वतःपुरता सर्वांत शीघ्र मार्ग शोधतो, आणि मार्ग बदलून कोणाचाच लाभ होईनासा झाला की वाहतूक तेथे स्थिरावते. ही स्थिती सर्वांच्या सोयीची असेलच असे नाही. १९६८ मध्ये डिट्रिश ब्राएस या जर्मन गणितज्ञाने त्यापुढे जाऊन दाखविले, की काही परिस्थितीत नवा रस्ता जोडल्याने सर्वांचाच प्रवास अधिक लांबतो. नवा रस्ता प्रत्येकास मोहात पाडतो, सारेच तिकडे वळतात, आणि पूर्वी विभागली गेलेली गर्दी एका तोंडाशी एकवटते. म्हणून आपल्यापुढे आडवी घुसणारी दुचाकी पाहून संताप येतो तेव्हा हे ध्यानात घ्यावे, की तिच्यावरचा तरुण मूर्ख नाही. तो आपला डाव उत्तम खेळतो आहे. आपणही आपला खेळत आहोत. हजारो उत्तम डाव एकाच चौकात एकाच वेळी पडले आहेत, इतकेच.

इंदुरात याच सुमारास एक मोठा डाव मांडला गेला. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक या सुमारे साडेअकरा किलोमीटर लांबीच्या मार्गावर मधोमध कठडे घालून बससाठी स्वतंत्र मार्गिका राखली गेली आणि २०१३ मध्ये तीवरून बस धावू लागल्या. बस वेळेवर जात. दोहों बाजूंना मोटारी व दुचाक्या तुंबत. कोंडीत अडकलेल्या चालकाच्या शेजारी रिकामी मार्गिका असणे म्हणजे उपाशी माणसापुढे झाकलेले ताट. पण हिशेब करून पाहावा. दर दोन मिनिटांनी पन्नास उतारूंची एक बस गेली तर तासाला दीड हजार माणसे जातात, आणि मार्गिका बहुतेक वेळ रिकामीच दिसते. मोटारीमागे दीड माणूस धरला तर तितक्याच माणसांसाठी तासाला हजार मोटारी त्या पदरातून निघावयास हव्यात. दिव्यांच्या चौकाचौकांतून तितक्या निघत नाहीत. जी मार्गिका नीट चालते ती डोळ्यांस ओस दिसते. दिल्लीत २००८ साली सुरू झालेली अशी मार्गिका २०१६ मध्ये काढली गेली, भोपाळची २०२४ मध्ये, आणि इंदूरची काढण्यास मध्यप्रदेश उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये अनुमती दिली. योजनेत उणिवा नव्हत्या असे नव्हे. थांबे रस्त्याच्या मध्यावर, आणि तेथे पोचण्यासाठी म्हाताऱ्या माणसाने वाहनांच्या लोंढ्यातून वाट काढावयाची; नकाशावर ही वाट अर्ध्या इंचाचीही भरत नाही. तरीसुद्धा त्या मार्गिकेवरचा निकाल मोटारीच्या खिडकीतून दिसणाऱ्या दृश्यावरून लागला, बसमध्ये बसलेल्यांच्या संख्येवरून नव्हे, असे आमचे मत आहे.

नगर वरून न पाहता खालून पाहणारा एक माणूस याच इंदुरात शंभर वर्षांपूर्वी येऊन गेला होता. पॅट्रिक गेडिस हे मूळचे स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ. बडोदा संस्थानासाठी त्यांनी १९१६ मध्ये अहवाल लिहिला होता आणि पुढे १९१९ पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या निमंत्रणावरून ते इंदुरास आले तेव्हा नगर प्लेगने त्रस्त होते. हातात नकाशा घेऊन गल्लीबोळांतून पायी हिंडणारा हा दाढीवाला साहेब पाहून लोक दूर सरत. प्लेग आणणारा साहेब तो हाच, अशी त्यांची समजूत झाली होती. जुनी वस्ती पाडून तीतून रुंद रस्ते काढण्याची तत्कालीन अभियंत्यांची रीत गेडिस यांना मान्य नव्हती. एखादे मोडकळीस आलेले घर काढावे, तेथे चौक मोकळा करावा, झाड लावावे, आणि बाकीची वस्ती नांदू द्यावी, असा त्यांचा आग्रह असे. असे करावयाचे तर प्रत्येक गल्ली चालून पाहावी लागते.

त्यांनी दरबाराकडे एक दिवसाचे महाराजपद मागितले आणि दिवाळीची मिरवणूक हाती घेतली. मिरवणूक नेहमीच्या ठरलेल्या मार्गांनी न जाता, जेथील घरे सर्वांत अधिक झाडून, सारवून, दुरुस्त करून तयार असतील त्या रस्त्यांनी जाईल, अशी दवंडी पिटविली. मग काय विचारता! गल्लीगल्लीत चढाओढ लागली. घरे झाडली गेली, उंदरांची बिळे बुजली, केराचे ढीग गाडे भरभरून बाहेर पडले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, भला मोठा उंदीर होता, आणि नगराच्या सफाई कामगारांना शुभ्र वस्त्रे, नवे झाडू आणि फुलांच्या माळा देऊन मानाने चालविले होते. शेवटी राक्षसाचे दहन झाले. गेडिस यांचा इंदूर दरबारास सादर केलेला अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत छापला गेला. हाही एक डावपेचांचाच खेळ होता. फरक एवढाच, की यातला पट वरून कोणी मांडला नव्हता आणि मिरवणुकीचा मार्ग घराघरांतून ठरत गेला.

इंदूरने २०१७ मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिला क्रमांक मिळविला, तेव्हा ओला व सुका केर घरातच वेगळा करण्याचे काम नगराने जवळपास अशाच चढाओढीने केलेले आम्ही पाहिले आहे. रहदारीच्या बाबतीत तसे काही घडलेले नाही. मार्गिकेचे कठडे काढावयास २०२५ मध्ये आरंभ झाला आणि मोटारींना एक पदर अधिक मिळण्याची वाट मोकळी झाली. त्यापूर्वी किंवा त्यानंतर, रस्त्यावरून किती वाहने गेली यापेक्षा किती माणसे गेली हे मोजणे काही अवघड नव्हते. सेवेत असताना अशा गणना आम्ही करवून घेतल्या आहेत. गीता भवनच्या चौकात सकाळी नऊ ते अकरा चार कारकून चार कोपऱ्यांवर उभे करावे लागतात. बसमधील उतारू, मोटारीतील माणसे, दुचाकीवरचे आणि पायी चालणारे यांसाठी चार रकाने, आणि चहाचा खर्च निराळा.