प्राचीन महाराष्ट्रातील राजमाता : काही कोरीव लेखांच्या आधारे विचार

प्राचीन भारताच्या राजकीय इतिहासात राजस्त्रियांचा निर्देश बहुधा कोणाची कन्या, कोणाची पत्नी अथवा कोणाची माता एवढ्यापुरताच येतो. राजा अल्पवयी असता त्याच्या मातेने राज्यकारभार पाहिला, असे एखादे वाक्य लिहून इतिहासकार पुढील राजाकडे वळतात. परिणामी राजमातेचा अधिकार हा केवळ मानाचा होता, की राजशासनात त्यास प्रत्यक्ष स्थान होते, हा प्रश्न बाजूला पडतो. महाराष्ट्राच्या बाबतीत या प्रश्नाचा विचार करण्यास उत्तम साधने उपलब्ध आहेत. नाणेघाट व नाशिक येथील सातवाहनांचे शिलालेख आणि वाकाटकांचे ताम्रपट ही ती साधने होत. ही साधने उत्तरकालीन दंतकथा नव्हेत. ज्या स्त्रियांविषयी ती बोलतात त्यांच्या हयातीत, आणि काही ठिकाणी त्यांच्याच आज्ञेने, ती कोरली गेली आहेत. म्हणून त्यांतील शब्दयोजना बारकाईने पाहणे अगत्याचे आहे.

१. नाणेघाट

जुन्नरजवळील नाणेघाटाच्या लेण्यातील लेख हा या मालिकेतील पहिला होय. लेण्यात एके काळी सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज त्यांच्या पायांचे अवशेष आणि वरची नावे एवढेच शिल्लक आहे. त्या नावांत राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा श्रीसातकर्णी, तसेच महारठी त्रनकयिरो यांचा समावेश होतो. भिंतींवरील दीर्घ लेखात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या गायी, घोडे व कार्षापण यांची मोठी यादी आहे. त्यातच व्रतस्थ जीवन कंठणाऱ्या एका राणीचे वर्णन येते. ही राणी म्हणजे नायनिका अथवा नागनिका, असे सामान्यतः मानले जाते. लेख ठिकठिकाणी खंडित झाल्यामुळे त्यातील नात्यांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यामुळे त्यावर फार मोठा सिद्धान्त उभारणे इष्ट नव्हे. तथापि एक गोष्ट स्पष्ट दिसते. देशावरून कोकणात उतरणाऱ्या व्यापारी मार्गाच्या मुखाशी राजकुलाचे वैभव कोरून ठेवण्याचे हे कार्य एका विधवा राणीच्या नावाशी निगडित झाले आहे.

२. गौतमी बलश्री

नाशिकजवळील त्रिरश्मी पर्वतावरील, म्हणजे आजच्या पांडवलेण्यांतील, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या काळाचे दोन लेख एकाखाली एक आहेत. पहिला लेख राज्यवर्ष १८ चा आहे. त्यात विजयी सैन्याच्या तळावरून राजाने गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित यास आज्ञा केली असून, पूर्वी ऋषभदत्ताकडे असलेले २०० निवर्तने क्षेत्र भिक्षूंना दिले आहे. ऋषभदत्त हा क्षहरात नहपानाचा जावई. तेव्हा क्षहरातांच्या पराभवानंतर लगेच झालेले हे दान आहे, याविषयी शंका राहत नाही. या लेखात आज्ञा एकट्या राजाची आहे.

दुसरा लेख राज्यवर्ष २४ चा असून प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो. गोवर्धनचा अमात्य आता सामक हा आहे. त्यास जी आज्ञा दिली आहे ती राजा गौतमीपुत्र सातकर्णी आणि 'महादेवी जीवसुता राजमाता' या उभयतांच्या वचनाने दिली आहे. आज्ञेचा विषय अगदी व्यावहारिक आहे. भिक्षूंना पूर्वी कखडी गावी क्षेत्र दिले होते. परंतु ते क्षेत्र कसले जात नाही व गावही वसलेले नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय क्षेत्रातून १०० निवर्तने त्यांस द्यावी, असे आज्ञेत म्हटले आहे. त्या क्षेत्रात राजपुरुषांनी प्रवेश करू नये, त्यास उपद्रव देऊ नये, मिठासाठी ते खणू नये, अशा नेहमीच्या सवलतीही जोडल्या आहेत. ही आज्ञा लेखनिविष्ट करण्याच्या कामी लोटा नावाच्या प्रतिहारीचा उल्लेख आहे, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

राजा हयात असता, आणि तो प्रौढ व विजयी असता, मातेचे नाव आज्ञेत का यावे? काही अभ्यासकांनी राजा या सुमारास आजारी असावा असा तर्क केला आहे. 'जीवसुता', म्हणजे जिचा पुत्र जिवंत आहे अशी, हे विशेषण त्या तर्कास आधारभूत मानले जाते. परंतु हे विशेषण निव्वळ मंगलवाचकही असू शकेल. कारण कोणतेही असो, निष्कर्ष एकच निघतो. जमिनीच्या महसुलाशी व अमात्याच्या अधिकाराशी संबंध असलेल्या आज्ञेवर राजमातेचे वचन राजाच्या वचनाबरोबर घालता येत होते, आणि प्रांताधिकारी ते मानीत होता. केवळ मानाच्या पदास एवढा शासकीय उपयोग संभवत नाही.

त्याच लेण्यातील तिसरा लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्यवर्ष १९ चा आहे. गौतमीपुत्र तेव्हा दिवंगत झाला होता. बलश्रीने हे लेणे भद्रायणीय भिक्षुसंघास अर्पण केले व त्या प्रसंगी ही प्रशस्ती कोरविली. तीत ती स्वतःस महाराजाची माता व महाराजाची पितामही म्हणविते. या दोन पदांवरून रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी पिता-पुत्रांनी एकाच वेळी राज्य केले असावे, असे अनुमान काढले होते. परंतु पुत्राच्या निधनानंतरही माता हे पद धारण करू शकते. म्हणून केवळ त्या पदावरून सहराज्य सिद्ध होत नाही.

प्रशस्तीत गौतमीपुत्र हा शक, यवन व पह्लव यांचा संहारक, क्षहरात वंशाचा उच्छेदक आणि सातवाहन कुलाच्या यशाचा पुनःप्रतिष्ठापक म्हणून वर्णिला आहे. अश्मक, मूलक, सुराष्ट्र, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकरावंती हे प्रदेश त्याच्या सत्तेखाली सांगितले असून, त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्याले असेही म्हटले आहे. या पराक्रमांच्या गर्दीतच, मातेच्या सेवेत त्याने कधी खंड पडू दिला नाही, हे विशेषण येते. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांच्या संचयात नहपानाची बहुसंख्य नाणी गौतमीपुत्राने पुन्हा छापलेली आढळली. त्यामुळे क्षहरातांवरील विजयाचे विधान स्वतंत्र पुराव्याने सिद्ध झाले. पण त्या राजाच्या स्वभावाचे, धोरणाचे व राज्यविस्ताराचे जे चित्र आज प्रत्येक पाठ्यग्रंथात आढळते, त्याचा मुख्य आधार हा शोकग्रस्त मातेने कोरविलेला लेखच होय. सातवाहनांचा सर्वश्रेष्ठ राजा इतिहासास ज्ञात आहे तो बहुतांशी त्याच्या मातेच्या शब्दांतून, ही गोष्ट त्या लेखाचा उपयोग करताना विसरली जाते. त्यातील स्तुतीचा भाग वेगळा काढून वाचण्याची जबाबदारीही म्हणूनच अधिक आहे.

येथे मातृनामांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र, माढरीपुत्र अशा नावांवरून सातवाहनांत मातृसत्ता होती असे अनुमान करणे युक्त नव्हे. राज्य पित्याकडून पुत्राकडे जात होते. नावात येते ते मातेचे गोत्रनाम. बलश्रीचा अधिकार हा वारशाच्या नियमातून आलेला नसून पुत्राशी असलेल्या नात्यातून व राजकुलातील प्रतिष्ठेतून आलेला होता.

३. प्रभावतीगुप्ता

यानंतर सुमारे अडीच-तीन शतकांनी विदर्भात राजमातेचे पद अधिक स्पष्ट रूपाने दिसते. प्रभावतीगुप्ता ही गुप्तसम्राट द्वितीय चंद्रगुप्त व नागकुलातील कुबेरनागा यांची कन्या आणि वाकाटक नृपती द्वितीय रुद्रसेनाची राणी. पती अकाली मृत्यू पावल्यावर तिने राज्याची सूत्रे हाती घेतली. पुणे येथे उपलब्ध झाल्यामुळे 'पुणे ताम्रपट' या नावाने ओळखला जाणारा तिचा दानलेख नंदिवर्धन येथून १३ व्या वर्षी दिलेला आहे. त्यात ती स्वतःस युवराज दिवाकरसेनाची जननी म्हणविते. दिवाकरसेन तेरा वर्षांनंतरही युवराजच आहे. आज्ञा देणारी, गाव दान करणारी व अधिकाऱ्यांना उद्देशून बोलणारी व्यक्ती त्याची माता आहे. मुद्रेवरही हे युवराजाच्या जननीचे शासन असल्याचे सांगितले आहे.

या ताम्रपटाचा दुसरा विशेष असा की, त्याचा आरंभ वाकाटकांच्या वंशावळीने न होता गुप्तांच्या वंशावळीने होतो. यावरून प्रभावती ही पित्याची प्रतिनिधी होती व वाकाटक राज्य गुप्तांच्या तंत्राने चालत होते, असे मत मांडले गेले. गुप्तांचा प्रभाव नाकारता येत नाही. परंतु याच लेखाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. ज्या राणीचा पती दिवंगत झाला आहे व पुत्र अद्याप अभिषिक्त नाही, तिने आपल्या अधिकाराचे प्रमाण म्हणून पितृकुल पुढे करावे, हे स्वाभाविक आहे. बलश्रीने आपल्या पित्याचे नावही दिले नाही. तिला त्याची आवश्यकता नव्हती. प्रभावतीस ती होती.

रिद्धपूर ताम्रपट यानंतरचा आहे. तो तिचा पुत्र द्वितीय प्रवरसेन याच्या राज्यवर्ष १९ मध्ये दिला असून त्यात ती दामोदरसेन व प्रवरसेन या महाराजांची जननी म्हणून येते. गुप्त वंशावळ येथेही कायम आहे. मात्र कालगणना पुत्राच्या राज्यवर्षाची आहे. पुत्र राज्यावर असता मातेने स्वतःच्या नावे दान देणे चालू राहिले, परंतु शासनाचा काल आता पुत्राचा झाला. नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळील नगरधन, येथे अलीकडे झालेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेचे नाव व शंखचिन्ह असलेली मातीची मुद्रा सापडली. तिच्या नावाने प्रत्यक्ष व्यवहार होत असे, या अनुमानास त्यामुळे ताम्रपटांखेरीज आणखी एक आधार लाभला आहे.

४. उपसंहार

नाणेघाटचा खंडित पुरावा वगळला, तरी नाशिक व विदर्भ येथील लेखांत एक समान रेषा दिसते. राजमातेचा अधिकार सर्वत्र पुत्राच्या नावाशी बांधलेला आहे. 'जीवसुता' असो वा 'युवराजजननी', पद पुत्रावाचून उभे राहत नाही. ही त्या अधिकाराची मर्यादा होय. परंतु त्या मर्यादेच्या आत तो अधिकार पोकळ नव्हता. अमात्यास आज्ञा देणे, राजकीय क्षेत्रातील जमीन तोडून देणे, करमुक्ती देणे व स्वतःची मुद्रा वापरणे ही राजसत्तेची कृत्येच आहेत. पुढे इ. स. १७०० मध्ये राजाराम महाराजांच्या निधनानंतर ताराबाईने अल्पवयी पुत्र शिवाजी याच्या नावाने औरंगजेबाशी लढा चालविला, तेव्हा ती काही अपूर्व गोष्ट करीत नव्हती. तिच्यापूर्वी सुमारे तेरा शतके विदर्भातील एका विधवा राणीने त्याच नात्याच्या बळावर राज्य राखले होते. अशा स्त्रियांचा विचार 'अल्पवयी राजाचा काळ' या सदरात न करता स्वतंत्र कारकीर्द म्हणून होणे आवश्यक आहे. नाशिकच्या भिंतीवर राजाच्या वचनाशेजारी राजमातेचे वचन कोरणाऱ्याने ते स्थान पूर्वीच मान्य केले होते.