औषध आवरण्याची रीत

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर या जीवाणुतज्ज्ञ बाई जंतूंची मोजदाद ठेवत. 1946 साली रुग्णांत सापडणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंपैकी सात-आठांत एक पेनिसिलीनला दाद देत नसे. 1948 पर्यंत हे प्रमाण निम्म्याच्या वर गेलं. जंतू औषधाला सरावले, असं आपण सहज म्हणून जातो. बार्बरबाईंचं निदान वेगळं होतं. पेनिसिलीन मोडून टाकणारं विकर बनवणारे जंतू आधीपासूनच होते. औषधाने बाकीचे मारले आणि यांना वॉर्ड मोकळा मिळाला.

1950 च्या दशकाच्या अखेरीस हॅमरस्मिथमध्ये नियम आले. अँटिबायोटिक ऊठसूट द्यायचं नाही, आणि काही औषधं जोडीनेच द्यायची, म्हणजे एकाला न जुमानणारा जंतू दुसऱ्याने मरेल. जोडीला संसर्ग पसरू नये म्हणूनही उपाय चालू होते, त्यामुळे यशाची वाटणी करणं अवघड. पण प्रतिकारक जंतू कमी झाले, आणि 1960 साली ते छापूनही आलं. (आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने 1955 मध्ये कुठे पेनिसिलीन बनवायला सुरुवात केली होती.)

खरं धाडस केलं ते ग्लासगोजवळच्या किलर्नमध्ये. तिथल्या मेंदू-शस्त्रक्रिया विभागात क्लेब्सिएला जंतूने ठाण मांडलं होतं. नेहमीचे उपाय थकले, तेव्हा प्राइस आणि स्ली यांनी विभागातली सगळीच अँटिबायोटिक्स थांबवली, प्रतिबंधासाठी दिली जाणारी आणि उपचाराचीही! कवटी उघडलेल्या रुग्णांच्या बाबतीत हे करायला छाती लागते. क्लेब्सिएला हटला; 1970 च्या ‘लॅन्सेट’मध्ये ती हकीकत आहे. एवढ्या टोकाला जायला आज कुठलीही समिती धजणार नाही, आणि ते ठीकच आहे.

रोजच्या वापराला उपयोगी पडली ती बॉस्टन सिटी हॉस्पिटलची साधी युक्ती. तिथे काही अँटिबायोटिक्स हवी असतील तर कारण द्यावं लागे. त्याचा वापरावर काय परिणाम झाला, ते मॅकगोवन आणि फिनलंड यांनी 1974 मध्ये मांडलं. याच मॅकगोवन यांनी गर्डिंग यांच्यासोबत 1996 मध्ये या सगळ्याला ‘स्टुअर्डशिप’, म्हणजे जबाबदारीने केलेला सांभाळ, म्हटलं. आपल्याकडे याच स्टुअर्डशिपसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने काढलेली रुग्णालयांसाठीची मार्गदर्शिका 2018 ची. राखीव औषधाला आधी परवानगी, आणि दोन-तीन दिवसांनी कल्चरचा रिपोर्ट हातात घेऊन ‘आता हे बंद करायचं का?’ असा डॉक्टरांना प्रश्न, हे तिचे दोन मुख्य मार्ग.