क्षार, स्फटिक आणि चतुःसीमा: इमॅटिनिबच्या दाव्यांवर भाष्य

औषधाच्या पेटंटचा दस्तऐवज हाती आला की आपण पहिल्या पानापासून वाचू लागतो. तिथे वर्णन असते: संयुग कसे तयार केले, किती तापमानाला, प्रयोगात काय दिसले. हक्क मात्र शेवटी येणाऱ्या दाव्यांत असतो. खरेदीखतात जमिनीचे कितीही वर्णन असले तरी आपले काय आणि शेजाऱ्याचे काय हे चतुःसीमेवरूनच कळते, तसेच हे. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम १० नुसार विनिर्देशाचा शेवट दाव्यांनी व्हावा लागतो, दावे स्पष्ट व आटोपशीर असावे लागतात, आणि वर्णनात जे उघड केले आहे त्याचा त्यांना आधार असावा लागतो. ही शेवटची अट ध्यानात ठेवावी. पुढचा सगळा वाद तिच्याभोवती फिरतो.

इमॅटिनिब हे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावरचे औषध. त्याच्या दोन दस्तऐवजांतले दावे आणि कायद्याचे कलम ३(डी) इथे भाष्याला घेतले आहे. पंक्ती शब्दशः नाहीत, त्यांचा आशय मराठीत उतरवला आहे.

‘सूत्र १ चे संयुग, ज्यात अमुक जागी हा गट किंवा तो गट असेल…’

हा पहिल्या दस्तऐवजातला, म्हणजे मूळ संयुगाच्या झिमरमन पेटंटमधला, दावा. अमेरिकेतला मूळ अर्ज १९९३ चा, पेटंट मिळाले १९९६ मध्ये. कागदावर रेणूची एकच आकृती असते. तिच्यात काही जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक जागी काय बसू शकते याची यादी खाली दिलेली असते. अशा दाव्याला मार्कुश दावा म्हणतात. तीन जागा आणि प्रत्येकी दहा पर्याय धरले तरी एका आकृतीतून हजार संयुगे निघतात. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष तयार झालेली त्या मानाने मोजकीच असतात. सूत्र म्हणजे थोडी अक्षरे आणि मोठी व्याप्ती, हे आपल्या शास्त्रपरंपरेला नवे नाही. तिथे मात्र व्याप्ती वाढली तर ज्ञान वाढते. इथे ती वाढली की इतरांना मनाई वाढते. म्हणून ‘किंवा’ या शब्दापाशी प्रत्येक वेळी थांबून वाचावे.

‘…किंवा अशा संयुगाचा क्षार’

या चार शब्दांवर पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंतचा खटला उभा राहिला. इमॅटिनिब मुळात आम्लारी आहे. मिथेनसल्फोनिक आम्लाशी संयोग झाला की त्याचा क्षार होतो, इमॅटिनिब मेसिलेट. ग्लिवेक या नावाने विकले गेले ते हेच. मग हा क्षार झिमरमन पेटंटने आधीच सांगितला होता का?

अर्जदार नोव्हार्टिस कंपनीचा पूर्वपक्ष असा: क्षार त्या दाव्याच्या व्याप्तीत येतो, पण त्या दस्तऐवजाने तो प्रकट केलेला नाही. कुंपण तिथवर पोचले, माहिती पोचली नाही. वरवर पाहता हा युक्तिवाद चोख वाटतो, कारण हजार संयुगांना कवेत घेणारा दावा प्रत्येकाची कृती देत नाही हे खरेच आहे. न्यायालयाने तो स्वीकारला नाही. व्याप्ती आणि प्रकटन यांत मोठी दरी राहू दिली तर पेटंटची लांबीरुंदी शोधाच्या मोलावर ठरणार नाही, दावे लिहिणाऱ्या वकिलाच्या कसबावर ठरेल, असा त्या विवेचनाचा रोख आहे. मला यातले सर्वांत मोलाचे वाटते ते कंपनीच्या स्वतःच्या वर्तनाचे वाचन. अमेरिकेत ग्लिवेकसाठी पेटंटची मुदत वाढवून मागताना आधार दिला तो झिमरमन पेटंटचा. ब्रिटनमध्ये नॅटको कंपनीला मेसिलेट विकू नका अशी नोटीस धाडली तीही त्याच पेटंटच्या बळावर. ज्या कागदाने दुसऱ्याला अडवले, तो कागद याविषयी काही सांगतच नाही असे नंतर म्हणता येत नाही.

‘इमॅटिनिब मेसिलेटचे बीटा स्फटिकरूप’

हा दुसरा दस्तऐवज. भारतात अर्ज १७ जुलै १९९८ ला चेन्नईत दाखल झाला. तेव्हा आपल्याकडे औषधांना उत्पादन पेटंट नव्हते, ते १ जानेवारी २००५ पासून लागू झाले. तोवर अर्ज पडून होता. झिमरमन पेटंटचा अर्ज मात्र १९९५ च्या, म्हणजे असे अर्ज घेऊन ठेवणे सुरू होण्याच्या, आधीचा असल्याने भारतात त्याला जागाच नव्हती. त्यामुळे इथे साऱ्या हक्काचा भार या एका स्फटिकावर आला.

बीटा म्हणजे काय? रेणू तेच, घनरूपात त्यांची मांडणी वेगळी. अल्फा रूपाचे स्फटिक सुईसारखे आणि ओलावा धरणारे. बीटा त्या मानाने मोकळे वाहते, अधिक स्थिर असते, ओलावा कमी धरते. गोळ्या बनवणाऱ्याला या गुणांची किंमत विचारा, तो भरभरून सांगेल. हे काम क्षुल्लक नाही, आणि तसे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. प्रश्न वेगळा आहे, तो पुढच्या पंक्तीत येतो.

‘ज्ञात द्रव्याचे केवळ नवे रूप, ज्याने त्याच्या ज्ञात परिणामकारकतेत वाढ होत नाही, ते शोध नव्हे’

हे कलम ३(डी), २००५ च्या दुरुस्तीतले. दोन पदे तोलावी लागतात. ‘ज्ञात’ म्हणजे कोणते द्रव्य? अर्जदाराने बीटाची तुलना मुक्त आम्लारीशी केली आणि रक्तात औषध उपलब्ध होण्याचे प्रमाण ३० टक्क्यांनी वाढते असे दाखवले. न्यायालयाच्या मते तुलना मेसिलेटशी व्हायला हवी होती, कारण ज्ञात द्रव्य तेच. तुलनेची पायरी खाली धरली की उंची आपोआप वाढते. दुसरे पद ‘परिणामकारकता’. औषधाच्या बाबतीत ती रोगावरची, उपचारातली. मोकळे वाहणे, स्थिर राहणे हे गुण तिच्यात धरले गेले नाहीत. ३० टक्क्यांचे दार न्यायालयाने पूर्ण बंद केले नाही: उपलब्धता वाढल्याने उपचार सुधारतो असे असेल तर ते त्या औषधापुरते पुराव्याने सिद्ध करा, एवढेच म्हटले. तो पुरावा नव्हता.

‘स्पष्टीकरण: क्षार, एस्टर, ईथर, बहुरूपे, कणांचा आकार… ही तेच द्रव्य मानावीत’

‘आहेत’ असे म्हटलेले नाही, ‘मानावीत’ म्हटले आहे. रसायनशास्त्रात क्षार आणि आम्लारी एक नव्हेत, हे कायदा जाणतो. परिणामकारकतेत लक्षणीय फरक दाखवता आला तर हे मानणे सुटते. दाखवण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची.

१ एप्रिल २०१३ ला न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनी नोव्हार्टिसचे अपील फेटाळले. त्या काळात ग्लिवेकचा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये होता, भारतीय कंपन्यांच्या औषधाचा ८ ते १० हजार. अर्जाला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. पेटंट मिळण्याआधी विरोध नोंदवायला कायद्याने कोणालाही मुभा आहे, प्रतिस्पर्धी कंपनीच असावे लागत नाही.

हीच मुभा पुढे क्षयरोगावरच्या बेडाक्विलिनच्या अर्जात वापरली गेली. मूळ संयुगाचे पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. दुसरा अर्ज मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. विरोध नोंदवला मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी. दोघींनीही क्षयाच्या जुन्या औषधांपायी श्रवणशक्ती गमावली होती. मार्च २०२३ मध्ये अर्ज नाकारला गेला. त्याच्या दाव्यात होता बेडाक्विलिनचा फ्युमरेट क्षार.