दाढीचे पाते आणि ‘परंपरा’ : एका प्रत्यावर्तनाची ऐतिहासिक मीमांसा

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून अमेरिका, ब्रिटन व पश्चिम युरोप येथील काही पुरुषांनी अनेक पात्यांचे कार्ट्रिज बसविलेला रेझर बाजूस सारून एका दुधारी पात्याचा जुना सेफ्टी रेझर, साबणाची वडी व ब्रश यांचा पुन्हा स्वीकार केला आहे. काहींनी तर घडीच्या वस्तऱ्यापर्यंत मजल गाठली आहे. या बदलास ‘पारंपरिक पद्धतीकडे परतणे’ असे सर्रास म्हटले जाते. परंतु ज्या दुधारी पात्याकडे हे लोक परतले, ते पाते १९०४ साली ‘वापरा व टाकून द्या’ या नव्या रीतीचे अग्रदूत म्हणूनच बाजारात रुळू लागले होते. मग येथे परंपरा कोणती आणि परतणे कशाकडे, हा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे. लेखकाच्या मते या इतिहासाचे खरे सूत्र हत्याराच्या वयात सापडत नाही. दाढीचे कौशल्य कोणत्या टप्प्यावर कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले, यात ते सापडते.

१

घडीच्या वस्तऱ्याने दाढी करावयाची तर दोन स्वतंत्र कौशल्ये लागतात. पहिले धार राखण्याचे. वस्तरा काही काळाने दगडावर लावावा लागतो आणि प्रत्येक दाढीपूर्वी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावा लागतो. दगडावर धार पुढे ठेवून पाते सरकवितात. पट्ट्यावर मात्र पाठ पुढे ठेवून ते ओढतात. हा क्रम चुकला तर पट्टाही कापला जातो व धारही जाते. दुसरे कौशल्य पाते चालविण्याचे. एका हाताने कातडी ताणून दुसऱ्या हाताने सुमारे ३० अंशांच्या कोनात पाते धरावयाचे, आणि दाब जवळजवळ द्यावयाचाच नाही.

या दोन्ही कौशल्यांस उत्तम पोलादाची जोड मिळाली ती अठराव्या शतकात. इंग्लंडातील शेफील्ड येथे बेंजामिन हंट्समन याने १७४० नंतरच्या दशकात मुशीत पोलाद वितळवून ते एकजिनसी करण्याची रीत सिद्ध केली, आणि बारीक धार दीर्घकाळ धरणारे वस्तरे घडविणे सुकर झाले. तथापि चांगला वस्तरा विकत घेता आला तरी हात विकत घेता येत नाही. म्हणूनच युरोपातही दाढी हे बहुतांशी न्हाव्याच्या दुकानात उरकावयाचे काम राहिले.

या संदर्भात पॅरिस येथील सुऱ्या-वस्तरे घडविणारा कारागीर झाँ-झाक पेरे याचे नाव लक्षणीय आहे. १७६९ साली त्याने ‘ला पोगोनोतोमी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वतःची दाढी स्वतः करावयास शिकविणे हा त्याचा विषय. पेरेने वस्तऱ्याच्या पात्यास लाकडी आवरण बसवून धारेचा थोडाच भाग बाहेर ठेवण्याची युक्तीही योजिली होती; सुताराच्या रंध्याचे पाते जसे ठराविक खोलीपलीकडे जात नाही, तसाच हा प्रकार. म्हणजे न्हाव्याच्या हातचे काम गृहस्थाच्या हाती द्यावयाचे तर त्या हाताची उणीव हत्याराने भरून काढली पाहिजे, हा विचार तेव्हाच स्पष्ट झाला होता. पुढे १८८० साली न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी याच दिशेने ‘सेफ्टी रेझर’चे पेटंट घेतले. त्यात कंगव्यासारखी आड कातडीचे रक्षण करी. परंतु पाते जाड पाचरीच्या आकाराचे असल्यामुळे धार लावण्याचे काम गृहस्थाच्या माथी तसेच राहिले. हा कौशल्य-स्थानांतराचा पहिला टप्पा होय.

२

दुसरा टप्पा किंग कँप जिलेट याच्या नावाशी निगडित आहे. बाटल्यांची बुचे बनविणाऱ्या एका कंपनीचा हा फिरता विक्रेता. धार लावण्याची गरजच न पडणारे, पातळ पत्र्याचे स्वस्त पाते करावे, ही कल्पना त्यास १८९५ च्या सुमारास सुचली. कल्पना व कृती यांत अंतर होते. इतके पातळ पोलाद वाकडे न होता कठीण करता येणार नाही, असे जाणकारांचे मत पडले. ही अडचण विल्यम निकरसन या तंत्रज्ञाने दूर केली. १९०१ साली कंपनी स्थापन झाली. १९०३ साली, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर व १६८ पाती खपली. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मिळाले आणि त्यानंतर खप झपाट्याने वाढला. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लक्ष रेझर व तीन कोटींहून अधिक पाती मागविली. रोज स्वहस्ते दाढी करण्याची सवय घेऊनच हे सैनिक घरी परतले.

जिलेटविषयी एक समज रूढ आहे. रेझर जवळजवळ फुकट द्यावयाचा आणि पात्यांवर नफा कमवावयाचा, या धोरणाचा तो जनक, असे व्यापारशास्त्राच्या पुस्तकांतून सांगितले जाते. शिकागो विद्यापीठातील विधिशास्त्राचे अध्यापक रँडल पिकर यांनी २०१० च्या सुमारास या समजाची चिकित्सा केली. तिचा निष्कर्ष निराळा आहे. पेटंट जिवंत असेतो जिलेटच्या रेझरची किंमत पाच डॉलर होती. ही रक्कम तत्कालीन कामगाराच्या आठवड्याच्या वेतनाचा मोठा हिस्सा होती. नोव्हेंबर १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली, आणि जुन्या नमुन्याचा रेझर अल्प किमतीत विकण्यास कंपनीने त्या वर्षीच प्रारंभ केला. म्हणजे पात्यावरील एकाधिकार सुटल्यानंतर, ज्या काळात तो रेझर घेणारा गिऱ्हाईक दुसऱ्याचे पाते घेण्यास मोकळा होता, त्या काळात हे धोरण आले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट ही की, १९२१ नंतर रेझर व पाते यांचा सांधा कोणाच्याही मालकीचा राहिला नाही. हेन्री गाइस्मन याने जिलेटच्या रेझरमध्ये बसेल असे निराळ्या छिद्राचे पाते काढले. त्यातून तंटा उद्भवला आणि १९३० साली दोन्ही कंपन्या एक झाल्या. त्या सुमारास पात्याचा जो लांब खाचेचा आकार स्थिरावला, तोच आज जपानपासून तुर्कस्तानपर्यंतचे कारखाने वापरतात. शंभर वर्षांपूर्वीच्या तीन खुंट्यांच्या रेझरमध्ये आजचे पाते बसते. औद्योगिक युगातील किती वस्तूंविषयी असे म्हणता येईल?

मात्र हा काळ काटकसरीचा होता, असे समजू नये. धार लावण्याचे कौशल्य आता गृहस्थाकडून कारखान्याकडे गेले होते, आणि बोथट पाते हा नित्याचा कचरा बनला होता. विसाव्या शतकाच्या मध्यास बांधलेल्या अनेक अमेरिकी घरांत न्हाणीघरातील औषधांच्या कपाटाच्या पाठीस एक बारीक फट ठेवलेली आढळते. वापरलेले पाते त्या फटीतून भिंतीच्या पोकळीत टाकावयाचे, आणि पुढे त्याचा विचार करावयाचा नाही! टाकून देण्याची संस्कृती कार्ट्रिजने जन्मास घातली नाही. तिचा उगम या पातळ पात्यात आहे.

३

तिसऱ्या टप्प्यात पाते चालविण्याचे कौशल्यही हत्याराकडे गेले. १९६० नंतर लवकरच ब्रिटनच्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीचे गंजरोधक पोलादाचे पाते आले. ते जुन्या पात्याच्या मानाने कितीतरी अधिक टिके. त्यामुळे एकेका गिऱ्हाइकास कमी पाती पुरू लागली. या पार्श्वभूमीवर १९७१ साली जिलेटने दोन पाती प्लॅस्टिकच्या खोबणीत कायमची बसविलेले कार्ट्रिज आणले. १९७५ साली बिक कंपनीचा संपूर्ण रेझरच टाकून देण्याजोगा झाला. १९७७ साली कार्ट्रिजचे डोके हलते झाले, १९९० साली पात्यांखाली स्प्रिंगा आल्या, १९९८ साली पात्यांची संख्या तीन व २००६ साली पाच झाली. कोन किती धरावयाचा हे आता हलते डोके ठरवी. हाताने केवळ ओढावयाचे.

यात सोय होती, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. घाईच्या वेळी वा थरथरत्या हाताने दाढी करणाऱ्यास कार्ट्रिजने मोठे साह्य केले. परंतु दोन गोष्टी तिच्यासोबत आल्या. एक म्हणजे सांधा पुन्हा खासगी झाला. प्रत्येक मुठीस तिचेच कार्ट्रिज बसे आणि त्या रचनेभोवती पेटंटांचे कुंपण असे. १९२१ साली जे सुटले होते ते अशा रीतीने पुन्हा बांधले गेले. दुसरी गोष्ट शरीराची. पहिल्या पात्याने केस किंचित ओढला जातो आणि मागचे पाते तो अधिक खाली छाटते, हे अनेक पात्यांमागील तत्त्व. कुरळ्या केसांच्या माणसांत असा खोल छाटलेला केस पुन्हा कातडीत शिरून पुटकुळ्या उठवितो. अमेरिकी सैन्यातील अनेक कृष्णवर्णीय सैनिकांस या विकारामुळे दाढीच्या नियमातून वैद्यकीय सूट घ्यावी लागत आली आहे. जे गुळगुळीतपण जाहिरातीत गुण म्हणून मिरविले गेले, तेच काही चेहऱ्यांस दोष ठरले.

४

या पार्श्वभूमीवर आजचे प्रत्यावर्तन नेमके किती मागे जाते, हे सांगता येते. दुधारी पात्याकडे परतणारा मनुष्य केवळ एक टप्पा मागे जातो. कोन व दाब यांची जाण तो हातात परत घेतो. दाढीपूर्वी कोमट पाण्याने केस मऊ करणे, ब्रशने फेस घोटणे आणि केसांच्या वाढीची दिशा ओळखणे त्यास शिकावे लागते. धार लावण्याचे कौशल्य मात्र कारखान्याकडेच राहते. घडीचा वस्तरा हाती घेणारा दोन टप्पे मागे जातो, आणि म्हणूनच अशांची संख्या अल्प आहे.

आर्थिकदृष्ट्याही या परतण्याचा अर्थ स्पष्ट आहे. मोकळ्या सांध्याचे पाते कोणीही करू शकतो, त्यामुळे ते स्वस्त राहते. कार्ट्रिजच्या किमतीविरुद्धचा असंतोष दुसऱ्या वाटेनेही प्रकट झाला. टपालाने स्वस्त कार्ट्रिज धाडणारी ‘डॉलर शेव्ह क्लब’ ही कंपनी निघाली, २०१६ साली युनिलिव्हरने ती विकत घेतली, आणि २०१७ साली जिलेटनेही अमेरिकेत किमती उतरविल्या. या वाटेने जाणाऱ्या गिऱ्हाइकाने किंमत बदलून घेतली; दुधारी पात्याकडे वळलेल्याने बंधनच सोडले. कचऱ्याविषयी इतकेच म्हणता येईल की, दुधारी पाते हा पोलादाचा एकच तुकडा असतो, तर कार्ट्रिजमध्ये पोलाद व प्लॅस्टिक असे गुंतलेले असतात की ते वेगळे करणे कष्टाचे होते.

५

आता महाराष्ट्राकडे पाहिले असता ‘परतणे’ या शब्दाची मर्यादा ध्यानात येते. ‘वस्तरा’ हा शब्द फार्सी ‘उस्तुरा’वरून आला, त्याआधीच्या संस्कृत ‘क्षुर’ शब्दाचा वंशज आपल्या ‘सुरी’त टिकून आहे. येथील जुन्या व्यवस्थेत वस्तरा गृहस्थाच्या हाती नसून न्हाव्याच्या धोकटीत असे. वस्तरा, कात्री, नराणी, आरसा, वाटी ही त्याची सामग्री. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांमध्ये न्हाव्याचा समावेश आहे. श्मश्रूचा मोबदला सुगीच्या वेळी धान्यरूपाने मिळे. येथे परंपरा म्हणजे हत्यार नव्हे, तर दोन माणसांमधील नाते.

त्या नात्यात विषमताही होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची दाढी गावचा न्हावी करीत नसे. दुसरीकडे, विधवांच्या केशवपनासाठी याच वस्तऱ्याचा उपयोग होई. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळींनी हे काम करण्याचे नाकारले, ही घटना सामाजिक इतिहासात सुविदित आहे. ज्या हाताला कौशल्य आहे त्या हाताला नकाराचाही अधिकार असतो, हे त्या मंडळींनी दाखवून दिले. स्वतःच्या हाताने दाढी करता येण्याचा अर्थ सर्व समाजघटकांस एकसारखा असू शकत नव्हता, हेही यावरून दिसते. पॅरिसच्या गृहस्थास ती सोय होती. ज्यास न्हावी नाकारला गेला होता, त्याच्या बाबतीत प्रश्न सोयीपलीकडचा होता.

शिवाय येथे दुधारी पाते कधी लोपलेच नाही. टोपाझ, पनामा, सेव्हन ओ’क्लॉक ही नावे अनेक घरांतून परिचयाची आहेत. एड्सविषयीच्या जागृतीनंतर सलूनमधील जुन्या वस्तऱ्याची जागाही अर्धे पाते मोडून बसविण्याच्या वस्तऱ्याने घेतली. प्रत्येक गिऱ्हाइकास नवे पाते लावले जाऊ लागले, आणि शेवटी तुरटी फिरविण्याची रीत तशीच राहिली. म्हणजे जुन्या कारागिराच्या हाती नव्या युगाचे पाते आले, आणि येथे टाकून देणे हाच आरोग्याचा नियम ठरला. उलट कार्ट्रिजला येथे स्वतःस बदलून घ्यावे लागले. नळाच्या धारेखाली धुवावयाचे कार्ट्रिज वाटीभर पाण्यात दाढी करणाऱ्याच्या हाती केसांनी तुंबे. या अनुभवानंतर जिलेटने २०१० साली भारतासाठी एकाच पात्याचा ‘गार्ड’ हा रेझर १५ रुपयांस व त्याचे कार्ट्रिज ५ रुपयांस विक्रीस आणले. पाच पात्यांपर्यंत पोहोचलेली प्रगती वाटीभर पाण्यापुढे एका पात्यावर आली.

सारांश, दाढीच्या हत्यारांचा इतिहास जुन्याकडून नव्याकडे सरळ रेषेत जात नाही आणि आजचे प्रत्यावर्तनही एका निश्चित भूतकाळाकडे जात नाही. ‘परंपरा’ हा शब्द अशा ठिकाणी योजताना अभ्यासकाने तीन प्रश्न विचारले पाहिजेत. कौशल्य कोणाच्या हाती होते? पुन्हा पुन्हा खरेदी करण्याचे बंधन कोणावर व कशामुळे पडले? आणि त्या व्यवस्थेतून कोण वगळले गेले होते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दुधारी पात्याकडे वळणाऱ्याच्या बाजूने बऱ्याच अंशी जातात. तिसरा प्रश्न मात्र रेझरची तुलना करून सुटत नाही. त्याचे उत्तर बलुतेदारीच्या कागदपत्रांत व न्हावी समाजाच्या स्वतःच्या आठवणींत शोधावे लागेल. ते काम आपल्याकडे अद्याप पुष्कळ व्हावयाचे आहे.