मनोविकारविरोधी औषधांचे हालचालींवरील दुष्परिणाम

छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) व तत्सम तीव्र मनोविकारांवरील औषधांमुळे शरीराच्या हालचालींत काही बिघाड उद्भवतात. हे बिघाड मूळ आजाराची लक्षणे नसून औषधाचे परिणाम असतात. हा भेद न उमगल्याने कित्येक कुटुंबे औषध परस्पर बंद करतात आणि आजार उलटतो.

कारणमीमांसा
ही औषधे मेंदूतील डोपामिन या रसायनाचे कार्य रोखतात. भ्रम व भास त्यामुळे ओसरतात. परंतु हालचालींचे नियंत्रणही डोपामिनवरच अवलंबून असते. या ज्ञानाचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या रक्तदाबावरील उपयोगाविषयी निबंध प्रसिद्ध केला. पुढे या वनस्पतीतील रेसरपीन मनोविकारांवरही वापरले गेले, तेव्हा रुग्णांत कंपवातासारखा ताठरपणा आढळला. रेसरपीनने निश्चल झालेले ससे लेव्होडोपा देताच हालू लागतात, हे स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखविले.

लक्षणे
उपचाराच्या पहिल्या काही दिवसांत मान वाकडी होणे, जबडा आवळणे किंवा डोळे वर फिरणे असे प्रकार घडतात. यास डिस्टोनिया म्हणतात. खेड्यांत यालाच बाहेरची बाधा समजले जाण्याची शक्यता असते. वास्तविक एका इंजेक्शनने हा त्रास बहुधा अल्पावधीत थांबतो. अकॅथिसियात रुग्णास एका जागी बसवत नाही. आजारच बळावला अशा समजुतीने औषधाची मात्रा वाढविल्यास ही तगमग आणखी वाढते. काही आठवड्यांत हातांचा कंप व मंद चाल दिसू शकते. दीर्घकाळानंतर होणाऱ्या टार्डिव्ह डिस्किनेसियात ओठ व जीभ सतत चाळवली जातात. पाहणाऱ्यास तंबाखू चघळण्याची सवय वाटावी, असे हे चाळे असतात आणि ते कायमही राहू शकतात. ताठरपणासोबत तीव्र ताप व भ्रमिष्टपणा आल्यास तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

उपचार
मात्रा घटविणे किंवा औषध बदलणे हा मुख्य मार्ग होय. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांत हा धोका अधिक, तर क्वेटियापीन व क्लोझापीनमध्ये कमी असतो. कंपासाठी दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल टार्डिव्ह डिस्किनेसियात मात्र उपयोगी पडत नाही. त्याने घामही कमी येतो. म्हणून बारामती-इंदापूरसारख्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात, चैत्र-वैशाखात उन्हात राबणाऱ्या रुग्णास उष्माघाताचा धोका संभवतो.

स्थानिक उपलब्धता
बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व शासकीय रुग्णालयांत विनामूल्य मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतूनही सल्ला मिळतो.